पंखा फिरतो, पण विंडोज येत नाही: फॉरमॅट मारण्याआधी काय बघायचं?

तुम्ही विचारलंय: खानापूरला डीटीपीचं दुकान आहे, कॉम्प्युटरचं बटण दाबलं की पंखा फिरतो, लाईट लागते, पण कधी स्क्रीन काळीच राहते, तर कधी ‘रीबूट अँड सिलेक्ट प्रॉपर बूट डिव्हाइस’ (म्हणजे विंडोजची डिस्क सापडत नाही) असं येतं. दुरुस्तीवाला म्हणतो फॉरमॅट मारावं लागेल.

आधी फॉरमॅटला नाही म्हणा. स्क्रीन पूर्ण काळी असते तेव्हा विंडोजची पाळीच आलेली नसते. बटण दाबल्यावर मदरबोर्ड (आतला मुख्य बोर्ड) आधी प्रोसेसर, रॅम आणि डिस्प्ले तपासतो, त्यानंतर डिस्क शोधतो आणि मगच विंडोजला हाक मारतो. तुमचं मशीन कधी पहिल्या पायरीवर अडकतंय, कधी दुसऱ्या. दोन्हींत विंडोजचा दोष निघण्याची शक्यता कमी. फॉरमॅटने मात्र लग्नपत्रिकांच्या फायली, श्रीलिपी आणि कन्नड नुडीचे फॉन्ट, सगळं जाईल.

पंखा फिरतो म्हणजे १२ व्होल्ट आले, एवढंच. प्रोसेसरला वीज वेगळ्या वायरने जाते. प्रोसेसरजवळचा तो ४ किंवा ८ पिनांचा कनेक्टर सैल असेल तरी पंखा मस्त फिरतो आणि स्क्रीन काळी राहते. तो नीट बसलाय ना बघा. मॉनिटरची केबलही बघा. वेगळं ग्राफिक्स कार्ड असेल तर केबल कार्डालाच लागली पाहिजे. इंटेलच्या प्रोसेसरच्या नंबरात शेवटी ‘एफ’ असेल, तर मदरबोर्डच्या पोर्टातून चित्र येणारच नाही.

आता खरं काम. खानापूरच्या पावसात हवेतला ओलावा रॅमच्या पट्टीवरच्या सोनेरी टोकांवर आणि पट्टी जिथे बसते त्या बोर्डवरच्या खाचेत बसतो, संपर्क कधी लागतो कधी नाही. ‘कधी चालू, कधी काळी’ या लक्षणाला पहिला संशय तिथेच घ्यायचा. भिंतीतला प्लग काढा, मग पॉवरचं बटण ५ सेकंद दाबून धरा, म्हणजे उरलेला चार्ज निघून जातो. कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावून मगच आत हात घाला. रॅमच्या पट्ट्या काढा आणि सोनेरी टोकं पांढऱ्या खोडरबरने हलक्या हाताने, एकाच दिशेने घासा. रबराचा चुरा खाचेपासून लांब झटका. तो खाचेत पडला तर नवंच दुखणं. मग आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या स्वच्छ कापडाने पुसून पूर्ण वाळू द्या. खाच कोरड्या ब्रशने किंवा ब्लोअरने साफ करा. तोंडाने फुंकर मारू नका, थुंकीचा ओलावा आत जातो.

परत लावताना एकच पट्टी लावा. चार खाचांच्या बहुतेक बोर्डांवर प्रोसेसरपासून दुसरी खाच धरतात. दोन्ही टोकांना दाबून ‘टक्’ आवाज आला पाहिजे, नाहीतर ती अर्धीच बसलेली असते. चालू करून दोन-तीन मिनिटं थांबा. डीडीआर५ (नव्या प्रकारची रॅम) घेणाऱ्या नव्या बोर्डांना पहिल्या वेळी रॅम ओळखायला तेवढा वेळ लागतो, आणि लोक घाईने मध्येच बंद करतात. नाही झालं तर दुसरी पट्टी, दुसरी खाच, असं एकेक करून बघा. बोर्डवर सीपीयू (प्रोसेसर), डीरॅम (रॅम), व्हीजीए (डिस्प्ले), बूट (डिस्क) अशा बारीक डेबग लाईट असतील, तर जी लागून राहते तिथे गाडी अडकली आहे. लाईट नसतील पण बोर्डाला छोटा स्पीकर जोडलेला असेल, तर सगळी रॅम काढून चालू करा: बीप आला तर प्रोसेसर आणि बोर्ड बहुतेक जिवंत आहेत.

दुसरा संशय बोर्डवरच्या नाण्यासारख्या सेलवर, सीआर२०३२. रात्री दुकान बंद करताना मेन स्विच पाडता ना? प्लग चालू असला की घड्याळ आणि सेटिंग एसएमपीएसच्या (कॅबिनेटमधल्या वीज देणाऱ्या डब्याच्या) ५ व्होल्टवर जपली जातात. मेन पाडलं की सगळा भार सेलवर. सेल उतरला की सकाळी तारीख जुनी दिसते आणि बूटचा क्रम मूळ सेटिंगवर जातो. मशीन मग नुसता डेटा असलेल्या दुसऱ्या डिस्कवर विंडोज शोधतं आणि तुम्हाला दिसणारा तोच मेसेज येतो. काही बोर्ड तर उतरलेल्या सेलवर चालूच होत नाहीत. मल्टीमीटरने मोजा: नवा सेल ३ व्होल्टच्या वर दाखवतो, २.७ च्या खाली असेल तर बदला, प्लसची बाजू वर.

सेल बदलला की बायोसमध्ये (बोर्डाच्या मूळ सेटिंगच्या पानावर) जा. मशीन चालू करताच डिलीट किंवा एफ२ दाबत राहायचं. विंडोजची डिस्क यादीत दिसत असेल तर तिला पहिल्या क्रमाला आणा आणि सेव्ह करा. साटा मोड (बोर्ड डिस्कशी कोणत्या पद्धतीने बोलतो ते सेटिंग) आधी एएचसीआय होता की दुसरा, हे माहीत असेल तर आधीचाच ठेवा. तो बदलला की विंडोज निळ्या स्क्रीनवर अडकतं, आणि तेव्हाही लोक फॉरमॅटच मारतात. बायोस बदलल्यावर बिटलॉकरची (विंडोजच्या डिस्क-कुलपाची) रिकव्हरी की मागितली तर घाबरू नका. मायक्रोसॉफ्ट खात्यात ती जपलेली आहे का बघा.

डिस्क दिसतच नसेल तर साटा केबल बदला, पॉवरची वायर दुसरी लावा. डिस्क ‘टिक्-टिक्’ करत असेल तर लगेच बंद करा. पुन्हा पुन्हा चालू करून बघणं आणि तिच्यावर चेकडिस्क (विंडोजचा डिस्क तपासणारा प्रोग्राम) चालवणं, दोन्ही घातक. आधी कॉपी. डिस्क काढून यूएसबी अडॅप्टरने दुसऱ्या मशीनला जोडा, ३.५ इंची डिस्कला १२ व्होल्टचा वेगळा अडॅप्टर लागतो. यूझर्स फोल्डर आणि विंडोजमधलं फॉन्ट्स फोल्डर, दोन्ही उचला. फॉन्ट विसरले तर जुन्या फायली उघडतील, पण अक्षरांच्या जागी भलतीच चिन्हं दिसतील.

एवढं करूनही काळी स्क्रीन येत राहिली तर एसएमपीएस. मशीन चालू असताना मोकळ्या चार पिनी कनेक्टरवर मोजा: पिवळ्या-काळ्यात ११.४ ते १२.६, लाल-काळ्यात ४.७५ ते ५.२५ व्होल्ट. याबाहेर आकडा गेला किंवा मोजताना डळमळला तर एसएमपीएस बदला. दुरुस्तीवाले एसएमपीएसच्या हिरव्या-काळ्या वायरी जोडून पंखा फिरवून दाखवतात, त्याने भाराखाली वीज टिकते की नाही ते कळत नाही. एसएमपीएसचा डबा मात्र उघडू नका. प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये ३०० च्या आसपास व्होल्ट उरलेले असू शकतात.

सेलचं माप, डेबग लाईट कुठे थांबते आणि बोर्डाचा नंबर एवढं कळवा. नंबर बहुतेक रॅमच्या खाचांजवळ किंवा बोर्डाच्या मध्यावर मोठ्या अक्षरात छापलेला असतो. त्यावरून पुढचं नेमकं सांगता येईल.