परसातली बैठक, शेजाऱ्याची तक्रार आणि पंचायतीची नोटीस

प्रश्न: गोव्यात डिचोली तालुक्यात आमचं वडिलोपार्जित घर आहे. मागच्या परसात पत्र्याचं छप्पर घातलंय. दर शनिवारी आम्ही मित्र तिथं नाट्यगीतं, भजनं म्हणतो. पेटी, तबला, गिटार आणि एक स्पीकर. तिकीट नाही, बाहेरचं कोणी नाही. शेजाऱ्याच्या तक्रारीवरून पोलीस रात्री साडेदहाला येऊन गाणं बंद करायला लावून गेले. आता छपराबद्दल पंचायतीची कारणे दाखवा नोटीस आली आहे. खाली काँक्रीटचा चौथरा घालायचा विचार होता. घरच्या जागेत गाणं हा गुन्हा कसा?

उत्तर: चौथऱ्याचं काम आधी थांबवा. नोटीस हातात असताना ओतलेलं काँक्रीट तुमच्याच विरुद्ध पुरावा होईल.

आता गाण्याचं. स्पीकर बंद केला की दहानंतर पेटी-तबला चालतो, हा समज सर्रास आहे आणि चुकीचा आहे. ध्वनिप्रदूषण नियम २००० मधल्या नियम ५(२) मध्ये २०१० च्या दुरुस्तीनंतर वाद्यंही आली. रात्री १० ते सकाळी ६ ही वेळ वाद्यांनाही बंद. सूट आहे ती सभागृहासारख्या बंदिस्त जागेला, आणि तीही आवाज आतल्या आत राहण्यापुरती. चार खांबांवरचं छप्पर बंदिस्त नव्हे. तेव्हा पोलीस चुकले नाहीत. चतुर्थीत बारापर्यंत चालतं हे खरं, पण ती सवलत सरकार जाहीर करतं त्या मोजक्या दिवसांची. वर्षात असे दिवस जास्तीत जास्त १५. शनिवारची बैठक त्यात बसत नाही.

दहाच्या आत तुम्हाला बरीच मोकळीक आहे, पण मोजून. निवासी भागाची दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल. खासगी वाद्याचा आवाज तुमच्या कुंपणापाशी त्याहून ५ ने जास्त चालतो, म्हणजे ६०. हिशेब असा: उघड्यावर अंतर दुप्पट झालं की आवाज साधारण ६ डेसिबलनं उतरतो. पेटी-तबल्यासह खुला गळा १ मीटरवर ८५ धरला, तर ८ मीटरवर ६७ आणि १६ मीटरवर ६१. गाणारे कुंपणापासून ८ मीटरवर बसत असतील तर स्पीकर नसतानाही तुम्ही मर्यादेबाहेर आहात. पत्रा आणि मागची भिंत आवाज परतवतात, त्यात आणखी भर. म्हणून बैठक तक्रारदाराच्या कुंपणापासून शक्य तितकी लांब न्या आणि तोंडं त्याच्याकडे नकोत. त्या बाजूला गाणाऱ्यांच्या डोक्याहून उंच चिऱ्यांची भिंत असेल तर तिच्या अगदी जवळ बसूनही आवाज बराच अडतो. नवी भिंत घालायची तर तिलाही पंचायतीचा परवाना लागेल. मोबाइलच्या अॅपनं कुंपणापाशी मोजून अंदाज घ्या, पण तो आकडा वादात टिकत नाही. तिथं प्रमाणित यंत्रच लागतं.

स्पीकरची गोष्ट वेगळी. तो भरदुपारीही सक्षम अधिकाऱ्याच्या लेखी परवानगीशिवाय लावता येत नाही, आणि नियम ५(१) मध्ये सार्वजनिक-खासगी असा भेद नाही. दर शनिवारी उपजिल्हाधिकारी कार्यालयात अर्ज घेऊन जाणार आहात का? माझ्या मते स्पीकर काढून टाकणं सोपं. उल्लंघनाला पर्यावरण संरक्षण कायद्याखाली १ एप्रिल २०२४ पासून तुरुंग नाही, पण दंड किमान १०,००० रुपये, कमाल १५ लाख. शिवाय भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ खाली कार्यकारी दंडाधिकारी उपद्रव थांबवण्याचा आदेश काढू शकतात.

छपरात खरी गोम आहे. गोवा पंचायत राज कायदा, १९९४ च्या कलम ६६ प्रमाणे बांधकामाला पंचायतीची लेखी परवानगी हवी. नटबोल्टनं बसवलं म्हणून छप्पर आपोआप सुटत नाही. नोटिशीत दिलेल्या मुदतीतच लेखी उत्तर द्या आणि प्रतीवर आवक शिक्का घ्या. सोबत एक-चौदाचा उतारा (जमिनीच्या मालकीची नोंद, सात-बारासारखा), सर्व्हेचा नकाशा, लांबी-रुंदी-उंची आणि हद्दीपासूनचं अंतर दाखवणारा अभियंत्याचा आराखडा, आणि तारखेसह फोटो जोडा. 'तात्पुरतं आहे' एवढंच लिहू नका. परवाना घेतो किंवा अमुक तारखेपर्यंत काढतो, यातलं एक ठामपणे लिहा.

उताऱ्यावर काका-आत्यांची नावं असतील (वडिलोपार्जित घरात बहुधा असतातच), तर परवान्यासाठी त्यांची लेखी संमती मागितली जाईल. ती मिळणं अवघड दिसलं तर छप्पर उतरवून बैठकीपुरता कापडी माटव (मांडव) घाला आणि तो त्याच रात्री काढा. घर नदीकाठी वा खाजणालगत (भरतीच्या खाऱ्या पाण्याच्या सखल जमिनीलगत) असेल तर किनारी क्षेत्राच्या नियमांतही जागा बसते का, तेही तपासावं लागेल.

मित्रांपुढे फुकट म्हटलेल्या गाण्यांना कॉपीराइटचा परवाना लागत नाही. मात्र 'सोड्याचे आणि बिअरचे पैसे' म्हणून वर्गणी काढू नका. पैसे घेऊन दारू देणं ही अबकारी परवान्याशिवाय केलेली विक्री ठरवली जाऊ शकते, आणि मग शेजाऱ्याची तक्रार आवाजापुरती राहणार नाही.