‘जान दीलमान’ बघणार असशील तर

भाऊ, दिग्दर्शिका शांताल आकेरमानचा ‘जान दीलमान’ निवडलास, फार बरं केलंस. १९७५चा सिनेमा, २०१ मिनिटांचा. मोबाइलवर तुकड्या-तुकड्यांत बघू नकोस. जळगावच्या उन्हाळ्यात तर दुपारी नकोच, लाइट गेली की लय मोडते. रात्री जेवणं आटोपल्यावर एका बैठकीत बघ.

ब्रुसेल्समधली एक विधवा, तिचा शाळकरी मुलगा, आणि तीन दिवस. घरखर्चासाठी ती दुपारी गिऱ्हाईक घेते, तेही स्वयंपाकाच्याच नेमाने. पार्श्वसंगीत नाही. कॅमेरा जागचा हलत नाही. तू फक्त ही विधवा साकारणाऱ्या डेल्फिन सेरिगचे हात बघ. कोणता दिवा कधी मालवते, पैशांच्या भांड्यावर झाकण कसं ठेवते, हे पहिल्या दिवशीच मनात नोंदव. कारण दुसऱ्या दिवशी बटाटे जास्त शिजतात, ती पातेलं घेऊन घरभर फिरते, आणि आपल्या काळजात धस्स होतं! पहिला दिवस पुढे ढकलत बघितलास तर या बटाट्यांचं वजन कळणारच नाही.

खापरावर मांडे करणारी आई आपण जन्मभर बघतो, पण तिच्या हातांकडे सलग दहा मिनिटं कोण बघतं? आकेरमानने ते बघायला लावलं, तेही पंचविशीत.

२०२२ मध्ये ‘साइट अँड साउंड’ या ब्रिटिश सिनेमासिकाने आजवरच्या सर्वोत्तम सिनेमांसाठी घेतलेल्या समीक्षकांच्या कौलात हा पहिला आला, त्याचं दडपण घेऊ नकोस. कंटाळा आला तर येऊ दे, उठू मात्र नकोस. आणि शेवट आधी कुणाला विचारू नकोस.