लायोनेल या अमेरिकन खेळण्यातल्या रेल्वेच्या जुन्या १५३ सिग्नलचे लाल-हिरवे दोन्ही दिवे एकाच वेळी मंद का लागतात?

बल्ब ठीक आहेत, वायर चुकीच्या टर्मिनलवर गेलीये. सिग्नलला तीन टर्मिनल असतात, त्यातलं एक कॉमन, म्हणजे दोन्ही बल्बचं सामाईक. तिथे लाल किंवा हिरव्याची वायर लावली तर एका पोझिशनला दोन्ही बल्ब सिरीजमध्ये, म्हणजे एकामागोमाग एकाच वाटेवर येतात आणि काजव्यासारखे मिणमिणतात. मीटरने चेक करा, ज्या दोन टर्मिनलमध्ये रेझिस्टन्स साधारण दुप्पट येतो ती दोन बाहेरची, उरलेलं कॉमन.

आता कॉमन ट्रान्सफॉर्मरच्या फिक्स व्होल्टेजला लावा, थ्रॉटलला, म्हणजे गाडीचा वेग बदलणाऱ्या बाजूला नको, नाहीतर गाडी हळू केली की सिग्नलही मंद होतो. बाहेरच्या दोन टर्मिनलच्या वायर १५३सी कॉन्टॅक्टरला (गाडी आली की सिग्नल बदलणारा स्विच) आणि कॉन्टॅक्टरची तिसरी ग्राउंडला, म्हणजे बाहेरच्या रुळाला. मधला रूळ करंटचा, त्याला यातली कुठलीच वायर जोडायची नाही.

हा कॉन्टॅक्टर रुळाखाली बसतो आणि गाडीच्या वजनाने दबतो, म्हणून तेवढा रूळ स्क्रूने आवळू नका, जरा हलता ठेवा. बरेच लोक इथेच फसतात, मीपण अख्खा रविवार घालवला होता. रिकाम्या रुळावर हिरवा आणि नुसता एक हलका डबा उभा केला तरी लाल, असं होईपर्यंत त्याचा नट थोडा थोडा फिरवत राहा.

आणि हो, ट्रान्सफॉर्मर अमेरिकेतून आणलेला असेल तर तो ११०-१२० व्होल्टचा असतो, आपल्या २३० च्या प्लगात थेट घालू नका, मध्ये व्होल्टेज कमी करणारा स्टेप-डाउन लागेल. कापडी इन्सुलेशनची वायर कडक होऊन तुटत असेल तर सरळ बदला.