दीडचे दोन का होत नाहीत?

प्रश्न : बाई, अकरावीच्या सराव परीक्षेत गणित होतं. एका ऑक्साइडमध्ये लोह ६९.९४ टक्के आणि ऑक्सिजन ३०.०६ टक्के, तर एम्पिरिकल फॉर्म्युला (अणूंचं सर्वांत साधं, पूर्ण आकड्यांतलं प्रमाण दाखवणारं सूत्र) काढा. माझं गुणोत्तर १ : १.५ आलं. अर्धा अणू नसतो म्हणून मी १.५ चे २ केले. सगळे मार्क गेले. माझं चुकलं कुठे?
– एक विद्यार्थिनी, मालगुंड

उत्तर : अगं, सगळे मार्क कापायला नको होते, शेवटच्या पायरीपर्यंत तू बरोबर आहेस. १०० ग्रॅम धरलेस. ६९.९४ ला लोहाच्या अणुभाराने, ५५.८५ ने, भागून लोहाचे १.२५२ मोल (मोल म्हणजे डझनासारखंच, अणू मोजायचं माप), ३०.०६ ला ऑक्सिजनच्या १६ ने भागून ऑक्सिजनचे १.८७९ मोल काढलेस, आणि दोन्हींना १.२५२ ने भागून १ : १.५. वाडीतले नारळ आणि सुपाऱ्या वजनावरून मोजायच्या तर जो हिशोब, तोच हा : ढिगाचं वजन भागिले एका नगाचं वजन.

अर्धा अणू नसतो हेही खरं. पण म्हणून एकट्या ऑक्सिजनलाच अर्धा जास्त द्यायचा नाही. दोन्हीकडे २ ने गुण, म्हणजे २ : ३, सूत्र Fe₂O₃. तुझ्या उत्तराचा पडताळा घेऊन बघ : एका लोहाला दोन ऑक्सिजन, म्हणजे ५५.८५ अधिक ३२, एकूण ८७.८५. त्यात लोह भरतं ६३.६ टक्के. प्रश्नात तर जवळजवळ सत्तर आहे! इतकी तफावत मोजमापाच्या चुकीने येत नाही. १.९८ आलं तर खुशाल २ धर. पण .५, .३३, .२५ दिसलं की हात आवर, आणि २, ३, ४ ने गुणून बघ.

तुझं ऑक्साइड म्हणजे हेमटाइट. आपल्या जांभ्याच्या चिऱ्याला लाली येते त्यात त्याचा वाटा मोठा. मी हा धडा शिकवताना चिऱ्याचा तुकडा नेहमी टेबलावर ठेवायची, आणि शेजारी कागदाच्या पुडीत किनाऱ्यावरची काळी वाळू. तूही ओहोटीला जा, चुंबक कागदात गुंडाळून काळ्या वाळूवरून फिरव. पटकन चिकटतात त्या कणांत मॅग्नेटाइट असतं. तेही लोह आणि ऑक्सिजनचंच, पण लोह ७२.३६ टक्के, ऑक्सिजन २७.६४. हे गणित आज रात्री सोडव. १.३३ येईल आणि १ धरावासा वाटेल. धरू नकोस. सूत्र काढलंस की त्यावरून टक्के उलटे काढून जुळव, आणि मग मला कळव.