नाशिकच्या थंडीत बंबासाठी लाकूड घ्यावं की कोळसा?

गॅस आणि वीज महागल्यामुळे चौघांच्या आंघोळीसाठी बंब पेटवायचा, तर लाकूड परवडेल की कोळसा, आणि रात्री त्याच कोळशाची शेगडी खोलीत ठेवली तर चालेल का, असं तुम्ही विचारलंय.

शेगडीचं आधी. बंद खोलीत अजिबात ठेवू नका. निखारा धूर करत नाही म्हणून निर्धोक वाटतो, पण त्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला ना रंग ना वास, आणि झोपलेल्या माणसाला जाग येतेच असं नाही. खिडकी किलकिली ठेवूनही भरवसा नाही. रात्री गोधडीच बरी.

आता बंब. चांगलं वाळलेलं लाकूड किलोला साधारण 3500 किलोकॅलरी उष्णता देतं, लोणारी कोळसा, म्हणजे लाकडापासून केलेला, जवळपास 7000. वीस लिटर पाणी 15 अंशांवरून 55 अंशांवर न्यायला 800 किलोकॅलरी लागतात. जाळाची एक तृतीयांश उष्णता पाण्याला मिळाली असं धरलं, तर सुमारे 700 ग्रॅम लाकूड किंवा 350 ग्रॅम कोळसा. म्हणजे कोळशाचा भाव लाकडाच्या दुपटीहून जास्त असेल तर लाकूडच घ्या. दगडी कोळशाच्या नादी लागू नका. आपल्याकडच्या कोळशात राख फार, धुराला गंधकाचा दर्प, आणि बंबाच्या छोट्या जाळीवर तो धड पेटतही नाही.

पण हे गणित वाळलेल्या लाकडाचं. ताज्या तोडीत निम्मं वजन पाण्याचं असू शकतं. वखारीत तुम्ही त्या पाण्याचेही पैसे मोजता, वर ते उडवून लावण्यात जाळ खर्च होतो, धूर कोंडतो, बंबाच्या मधल्या नळ्यात, जिथून धूर वर जातो, काजळी धरते. दोन तुकडे एकमेकांवर आपटून बघा: खणखणीत वाजले आणि टोकांना भेगा असल्या तर वाळलंय, बद्द आवाज आला तर ओलं. कोळशाच्या गोणीत तळाला चुरा किती आहे तेही पाहा. तो जाळीची भोकं बुजवतो आणि हवा न मिळाल्यानं निखारा विझतो.

निफाड-दिंडोरीकडे ओळख असेल तर द्राक्षबागांच्या एप्रिलमधल्या खरड छाटणीच्या काड्या मागा. मेच्या उन्हात वाळवून पावसाआधी आडोशाला रचल्या की हिवाळ्यापर्यंत कोरड्या राहतात. त्या भुर्रकन जळतात, म्हणून पेटवायला काड्या आणि वर बाभळीचे वीतभर तुकडे. बांधलेली प्लास्टिकची सुतळी आधी काढा. बागेवर औषधांच्या फवारण्या झालेल्या असतात, तेव्हा ही राख भांडी घासायला वापरू नका.

बोअरचं पाणी असेल तर नळ्यावर क्षारांचा थर चढतो आणि त्याच पाण्याला जळण जास्त लागतं. महिन्या-दोन महिन्यांनी सायट्रिक ॲसिडचं कोमट पाणी तासभर भरून ठेवा, मग खळबळून ओता.

बंब रिकामा कधीच पेटवू नका. जितकं गरम पाणी काढाल तितकं गार लगेच भरा. नळा कोरडा तापला की सांध्यांची झाळ सुटते आणि बंब गळू लागतो.