√२५ किती?

प्रश्न: देवगडच्या जेटीवर संध्याकाळी आमच्यात वाद पेटलाय. मित्र म्हणतो, √२५ म्हणजे ५ आणि −५ दोन्ही. मी म्हणतो, फक्त ५. पैज हापूसच्या पेटीची आहे. कोण बरोबर?
– एक वाचक, देवगड

उत्तर: पेटी तुमची. पण मित्राचा मुद्दा पोकळ नाही. २५ ला वर्गमुळं दोन आहेतच. धन संख्येचं मूळ धन आणि ऋण दोन्ही असतं, हे भास्कराचार्यांनी बाराव्या शतकातच लिहून ठेवलंय. √ हे चिन्ह मात्र खूप नंतरचं, १५२५ मध्ये एका जर्मन पुस्तकात छापलेलं, आणि आज ते फक्त धन मूळ दाखवतं. मित्राला दहावीचं वर्गसमीकरणाचं सूत्र आठवायला सांगा. त्यात √ च्या आधी ± वेगळं का लिहितात? चिन्हातच दोन्ही उत्तरं असती तर त्याची गरज काय? वर्गात हा प्रश्न टाकला की मागच्या बाकावरची मुलंही सरसावून बसतात, आणि मला शिकवण्यातला तोच क्षण सर्वांत आवडतो.

मात्र प्रश्न ‘क्ष² = २५’ असा असेल, तर उत्तरं दोन. तिथे −५ गाळलं की मी गुण कापतो.