चिनी इलेक्ट्रिक गाड्यांवर ड्युटी लावून युरोप कसला 'फेअर ट्रेड' करतोय?

तुम्ही विचारलंय की एकीकडे खुल्या व्यापाराच्या गप्पा मारायच्या आणि दुसरीकडे चिनी गाड्यांवर ड्युटी लावायची, हा युरोपचा दुटप्पीपणा नाही का. थोडाफार आहेच. पण या केसमध्ये मला युरोपचं म्हणणं बऱ्यापैकी पटतं.

अमेरिकेने 2024 मध्ये सरळ 100 टक्के लावले, विषय संपला. युरोपने वर्षभर चौकशी केली, स्वस्त कर्ज, जमीन, बॅटरी, कशात किती सरकारी मदत मिळाली ते कंपनीवार काढलं आणि ऑक्टोबर 2024 अखेरपासून 5 वर्षांसाठी, आधीच्या 10 टक्के आयात ड्युटीच्या वर, बीवायडी, गीली आणि सैक या चिनी कंपन्यांना अनुक्रमे 17, 18.8 आणि 35.3 टक्के लावले (आपल्याकडे एमजी दिसते ना, त्या ब्रँडची मालक म्हणजे सैक). सैकने चौकशीला नीट सहकार्य केलं नाही असं ब्रसेल्सचं, म्हणजे युरोपियन युनियनचं म्हणणं, म्हणून तो दणका. शांघायला गाड्या बनवणारी टेस्ला अमेरिकन, तरी तिलाही 7.8 लागलेच. सबसिडीच्या मापाने अशी ड्युटी लावायला डब्ल्यूटीओच्या (जागतिक व्यापार संघटनेच्या) नियमात जागा आहे.

आणि घाई का, तर सोलर पॅनेलचं उदाहरण डोळ्यासमोर आहे. 2013 मध्ये ठराविक किमतीखाली पॅनेल विकायचे नाहीत अशी चीनशी तडजोड केली, 2018 मध्ये तीही काढली, आज युरोपात लागणारे बहुतेक पॅनेल चीनमधूनच येतात.

खरी मजा घरातल्या भांडणात आहे. या ड्युटीवर युरोपियन युनियनच्या देशांनी मतदान केलं, त्यात 10 देश बाजूने, 5 विरोधात आणि 12 तटस्थ! जर्मनी विरोधात, कारण त्यांच्या कंपन्यांचा मोठा धंदा चीनमध्ये. बीएमडब्ल्यू तर स्वतःच कोर्टात गेली, तिची इलेक्ट्रिक मिनी चीनमध्ये बनते ना! चीननेही नेमकी नस पकडली, फ्रान्सने बाजूने मत दिलेलं, तर फ्रेंच ब्रँडीवर ड्युटी लावली, शिवाय 2024 मध्येच पोर्क आणि डेअरीची चौकशी सुरू केली.

मला स्वतःला जून 2025 चा निर्णय जास्त चोख वाटतो. चीन सरकारी हॉस्पिटलांच्या खरेदीत युरोपच्या मेडिकल उपकरणांना डावलतो, म्हणून युरोपनेही 50 लाख युरोवरच्या तशाच टेंडरमधून चिनी कंपन्यांना बाहेर काढलं. तुम्ही आमचं घ्या, आम्हीही तुमचं घेतो, इतका सरळ हिशोब.

गाड्यांच्या ड्युटीला मात्र पळवाट आहेच, बीवायडीने युरोपियन युनियनमधल्याच हंगेरीत सेगेदला कारखाना उभारायला घेतला, तिथे बनलेल्या गाडीला ही ड्युटी नाही. आणि हो, हंगेरीनेही विरोधातच मत दिलं होतं.